एकविसावी चिठ्ठी

उद्यमनगरात, बंडू लोहाराच्या लेथमागं
दर दहा तारखेला आमची भिशी.
वीस माणसं, दोन-दोन हजार,
आणि स्टीलचा एक डबा, ज्यात पूर्वी
बंडूची बायको भडंग ठेवायची.
झाकण काढलं की अजून लसणाचा वास येतो
नशिबाच्या आधी.

हिशेब माझ्याकडं. मी पॅटर्नमेकर,
एकतीस वर्षं सागवानात कोरले
पंपाचे, व्हॉल्व्हचे, हबचे आकार.
वाळूनं ते आठवणीत ठेवले, लोखंडानं भरले,
आणि लाकूड परत रॅकवर, धुळीत.

रेहाना शिकलगार आली मार्चअखेरच्या धांदलीत,
युनिव्हर्सिटीतनं, मोपेडवर.
पिशवीत दोन बरण्या:
एकीत उसाचं चिपाड, दुसरीत त्याचाच कोळसा,
इतका बारीक, की हिंदुराव म्हणाला,
"दंतमंजन हाय का काय?"
ती हसली नाही.
"ह्यात सोडियम मुरतो, मिठातला.
मुरला की वीज साठते.
म्हणजे, साठंल.
अजून नीट साठत न्हाई."

अनुदानाला आधी आकडे लागतात,
आकड्यांना भट्टी,
आणि भट्टीची नळी तडकलेली.
बँक विचारते, तारण काय?
कंपनी म्हणते, चाललं की या.
"चालायच्या आधी मी कुणाकडं जाऊ?"

लेथमधनं कूलंट ठिबकत होतं. तेवढाच आवाज.

मेसवाल्या घाटगेमावशींनी विचारलं,
"बुडतील का गं पैसे?"
"बहुतेक," ती म्हणाली.

ह्याच पत्र्याखाली एकदा एक सुटाबुटातला
वर्षात दामदुप्पट सांगून गेला होता.
त्यानं चहासुद्धा पाजला होता आम्हाला.
म्हणून असेल,
त्या एका 'बहुतेक'वर माझा भरवसा बसला.

उपाध्येअप्पा, शाहूपुरीतले गुळाचे अडते,
बराच वेळ बरणी फिरवत बसले.
"जन्मभर चुलवाणात घातलं हे.
एक चिठ्ठी जास्त टाका डब्यात.
एकवीस महिने भरू. जत्रंत मटणाला जातात की तेवढे."

नाव काय लिहू?
"माझं नको," ती म्हणाली. "मी उद्या नोकरीला लागलो तर?
काम दुसरं कोणीतरी करंल."
मग कोरीच ठेवली.

चौथ्या महिन्यात निघाली.
त्याच महिन्यात यशोदाच्या डोळ्याची तारीख होती,
आणि मी मनात डब्यावर माझं नाव
कधीचं कोरून ठेवलं होतं.
बंडूच्या पोरीनं घडी उलगडली,
पाठपोट बघितली. "ह्याच्यात कायच न्हाई."
टाळी कुणी वाजवली नाही.
मी नोटा मोजल्या. परत मोजल्या.
खोटं कशाला बोलू,
दुसऱ्यांदा मोजताना हात जड झाला होता.
पुढचा नंबर मावशींचा निघाला. त्यांनी तो
काही न बोलता माझ्याकडं सरकवला.

तेव्हापासून रेहाना दर दहाला येते,
व्याज म्हणून बातमी देते.
पहिला सेल फुगला.
दुसरा तापला.
तिसऱ्यानं रात्रभर धरलं, सकाळी सोडलं.

पहिल्या कास्टिंगला भोकं पडायचीच, मी तिला सांगतो.
आम्ही फोडायचो, परत वितळवायचो,
लोखंड कुठं जात नव्हतं.
तिचं फुटलेलं वितळत नाही.
तिच्याकडं वही उरते,
त्यात तारखा, तापमानं, आणि 'नाही', 'नाही', 'थोडं'.

परवा सोमवारी, लाइट नसताना,
तिनं लेथवर एक सेल ठेवला, रुपयाएवढा.
दिवा लागला, हिरवा,
बंडूच्या नखातलं ग्रीस दिसण्याइतका.
हिंदुरावची तंबाखू मळून व्हायच्या आत गेला.
"होता की," बंडू म्हणाला.
"होता," ती म्हणाली, आणि वहीत वेळ लिहिली.

माझ्या वहीत मात्र ते चाळीस हजार
खर्चात धरायचे की येण्यात,
अजून ठरलेलं नाही. मधल्या रेषेवरच लिहिलेत.

आज नवी फेरी. वीस नावं लिहून झाली.
एकविसावा कागद मी दोनदा दुमडला,
चुरगळला थोडा,
हाताला वेगळा लागू नये म्हणून.